सिगरेट सोडताना मधेच घसरलो, आणि ती कुलूप लावलेली खोली

सिगरेट सोडून आता बरेच महिने झाले, पण त्या कुलपाचा राग काही जाईना म्हणून लिहितोय. मी सांगलीत मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशोबाला असतो. हळदीचे सौदे चालू असले की दर तासाला चहा, आणि चहा आला की हात आपोआप खिशात. सोडायचं ठरवलं, पहिले दोन-तीन दिवस डोकं भणभणलं, पोट साफ होईना, घरात सगळ्यांवर खेकसलो, पण ते निभावलं.

घसरलो मेव्हण्याच्या लग्नात. मांडवामागं पोरं उभी, "दाजी, एकानं काय होतंय?" घेतली. दुसऱ्या दिवशी डोक्यात एकच, मोडलंच आहे तर आता ओढू की. बायको म्हणाली सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवायचं केंद्र असतंय, फुकट आहे, जावा तिथं.

गेलो. आधी केस पेपरची लाईन. खिडकीवरचा विचारतोय काय होतंय, म्हटलं सिगरेट सोडायची आहे. त्यानं मान वर करून बघितलं, मागची आजी पण बघाय लागली. "मग सोडा की," म्हणाला आणि जनरल ओपीडीचा पेपर हातात दिला. तिथं पुन्हा लाईन, डॉक्टरांनी वर न बघताच खोली नंबर सांगितला. जिना चढून गेलो तर भिंतीवर सडलेल्या फुफ्फुसाचं हे मोठं पोस्टर आणि दाराला कुलूप. शेजारच्या सिस्टर म्हणाल्या, मॅडम ट्रेनिंगला गेल्यात, सोमवारी या. सोमवारी हाफ डे टाकून गेलो तर मॅडम कुठल्यातरी शाळेत कार्यक्रमाला. दारावर वार नाही, वेळ नाही, फोन नंबर नाही. आता मला सांगा, तलफ काय गुडघेदुखी आहे का, सोमवारपर्यंत थांबायला? माणूस मोठ्या मुश्किलीनं मनाची तयारी करून येतो, त्याला तुम्ही कुलूप दाखवताय. बरं, आवारात सगळीकडं बोर्ड, धूम्रपान केल्यास २०० रुपये दंड, आणि गेटच्या बाहेर टपरीवर सुटी सिगरेट निवांत मिळतीय. सुटी विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, पण टपरीवाल्याला सांगणार कोण. मी पण घेतलीच, रागानं घेतली.

तिथंच काउंटरवर रिकामं पाकीट पडलं होतं, त्यावर तंबाखू सोडवायच्या हेल्पलाईनचा नंबर दिसला, १८००-११-२३५६. पाकिटावर २०१८ पासून छापतात म्हणे, पण आम्ही सुटी घेणारे, आमच्या हातात पाकीट येतंय कधी!

लावला फोन. मराठीत बोलल्या बाई, पैसे पडत नाहीत. लेक्चर नाही काही नाही, नुसतं विचारलं कधी ओढली, सोबत कोण होतं, त्याच्या आधी काय चाललं होतं. म्हणाल्या एक ओढली म्हणून सगळं वाया जात नाही, आज पुढची तेवढी टाळा, तलफ पाच-दहा मिनिटात ओसरते. नंतर त्यांचाच फोन यायचा चौकशीला. ती पाच-दहा मिनिटं काढायला मी ड्रॉवरमध्ये भडंग ठेवला, तिखटवाला, हात पण बिझी आणि तोंड पण. वजन थोडं वाढलं, वाढू दे.

निकोटीनच्या च्युइंगमचं सांगायचं राहिलं. २ आणि ४ मिलिग्रॅम असं दोन प्रकारात येतंय, उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागणाऱ्याला ४ चं. हे चघळत सुटायचं नाही, हळू चावायचं आणि जिभेला झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं. आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा नको, निकोटीन नीट शोषलं जात नाही. मेडिकलवाल्यानं यातलं एक अक्षर सांगितलं नाही, च्युइंगमचं पाकीट दिलं, पैसे घेतले, झालं. हार्टचा त्रास असला तर आधी डॉक्टरला विचारा.

लग्नाकार्यात जेवण झालं की बायकापोरांच्या घोळक्यात बसा, मांडवामागं जाऊच नका. आणि हो, सोडायच्या आधी टपरीची उधारी मिटवा, नायतर पैसे द्यायला म्हणून गेलेला माणूस काय घेऊन परत येतोय ते आमच्या यार्डात कुणालाही विचारा.