तुम्ही विचारलंत म्हणून: दोन क्लब एक का झाले

'दोन्ही क्लब एक केलेत, म्हणजे हॅम रेडिओ आता संपत आला का?' हे इतक्या जणांनी विचारलंय, की एकदाच लिहून टाकतो.

हॅम रेडिओ, म्हणजे लायसन्स घेऊन हौसेने रेडिओवरून जगाशी संपर्क करण्याचा छंद, संपत आलेला नाही. क्लब मात्र म्हातारे झालेत.

पूर्वी क्लबावाचून भागत नसे. मोर्सचा (टिंब-रेघांच्या संकेतांचा) सराव कुणासोबत करायचा, जुना ट्रान्सफॉर्मर कुणाकडे मिळेल, ॲम्प्लिफायर का घुमतोय, या सगळ्याची उत्तरं तिथे असत. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेनंतर लायसन्ससाठी मोर्सची परीक्षा घ्यायची की नाही, हे प्रत्येक देशावर सोडलं गेलं आणि बहुतेकांनी ती काढून टाकली. सेट तयार मिळू लागले, अभ्यास मोबाइलवर होऊ लागला. २०१७ मध्ये एफटी८ हे संगणकाने संपर्क साधण्याचं तंत्र आलं. ते बनवणाऱ्या दोघांपैकी जोसेफ टेलर हे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते. कानाला ऐकूही न येणारा सिग्नल संगणक पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांमध्ये उलगडतो. माणूस घरात एकटा बसून दुसऱ्या खंडाशी संपर्क नोंदवतो. लायसन्स आहे, सेट आहे, हौसही आहे. क्लबात यायचं कारण तेवढं उरलेलं नाही.

आमच्याकडे कमी पडत होते ते राबणारे हात, आणि याचा सगळ्यात आधी पत्ता लागतो रिपीटरला. रिपीटर, म्हणजे सिग्नल दूरवर पोचवणारा टॉवरवरचा सामायिक सेट, एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर पाठवतो. दोन मीटर तरंगलांबीच्या बँडवर या दोन्हींत सहसा फक्त ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. स्वतःच्याच ट्रान्समीटरने त्याचे कान बधिर होऊ नयेत म्हणून मध्ये डुप्लेक्सर, म्हणजे दोन्ही फ्रिक्वेन्सी वेगळ्या ठेवणारा फिल्टर, लागतो, आणि तो ट्यून करणं हे येरागबाळ्याचं काम नोहे. शिवाय कनेक्टरमध्ये पाणी शिरतं, बॅटरी बसते, कुणीतरी टॉवरवर चढावं लागतं. दोन क्लब, दोन रिपीटर, जवळपास तोच टापू, आणि दिवसभर दोन्हींवर शुकशुकाट. टॉवरवर चढणारा दोघांत मिळून एकच.

याद्या एकत्र केल्या तेव्हा बरीच नावं दोन्हींकडे निघाली. त्यामुळे एकत्र येऊन सदस्य वाढतात, या भ्रमात कुणी राहू नये. वाचतो तो एक खजिनदार, एक सचिव आणि एक वार्षिक सभा. (वार्षिक सभा वाचणं ही माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत मोठी कमाई.)

भांडण पैशावरून झालंच नाही. ते झालं कॉल साइनवरून, म्हणजे क्लबाला रेडिओवर ओळख म्हणून मिळालेल्या अक्षरांवरून. ज्या अक्षरांनी कित्येक वर्षं स्पर्धा खेळल्या, ज्यांच्यावर खोकीभर क्यूएसएल कार्डं (संपर्काच्या पोचपावत्या) आली, ज्या माइकवर आज सायलेंट की झालेले, म्हणजे दिवंगत, मित्र बोलले, ती अक्षरं एका ठरावाने कशी पुसायची? हा हट्ट मला पटतो. नियमात बसत होतं म्हणून दोन्ही ठेवली: एक रिपीटरला, एक स्पर्धांना.

दुसरे क्लब सल्ला मागतात. घटना आणि समिती यांनी सुरुवात करू नका. आधी साप्ताहिक नेट, म्हणजे ठरल्या वेळी रेडिओवर भरणारी बैठक, एकत्र चालवा, नियंत्रण आलटून पालटून घ्या. मग एकदा मैदानात अँटेना एकत्र उभी करा. चाळीस मीटर बँडचा डायपोल, म्हणजे तारेची साधी अँटेना, वीस मीटर लांब असतो, तो ताणायला जास्त हात असले की बरं. किंवा नवख्यांना हातात यागी (दिशा धरून रोखायची अँटेना) देऊन अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना १४५.८०० मेगाहर्ट्झवर त्याचं प्रसारण ऐकवा. दहाएक मिनिटांचा खेळ, पण ठरावांपेक्षा जास्त माणसं त्यानेच टिकली. जे दोन क्लब एकत्र काही करतच नाहीत, त्यांच्या विलीनीकरणातून फक्त लांब नावाचा लेटरहेड निघतो.

आमचा दुसरा रिपीटर उतरवलाय. त्याचा डुप्लेक्सर पहिल्याच्या फ्रिक्वेन्सीला ट्यून करून राखीव ठेवायचाय. ते काम नीट येणारे काका सत्तरीपुढचे आहेत, म्हणून या वेळी दोन नव्या पोरांनी शेजारी बसून सगळं टिपून घ्यायचं असं ठरलंय.