दाल मिल आली, मिस्त्री कुठून आणायचा?

संशोधनावर खर्च वाढवा असं सगळेच म्हणतात आणि बरोबरच आहे ते, भारत जीडीपीच्या जेमतेम ०.६४ टक्के पैसा संशोधनावर घालतो. पण तो पैसा शेवटी गावात कशाच्या रूपानं पोचतो हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि आमच्या वऱ्हाडात त्याचं चांगलं उदाहरण आहे, पीकेव्ही मिनी दाल मिल.

पीकेव्ही म्हणजे अकोल्याचं पंजाबराव कृषी विद्यापीठ, १९६९ चं, ही छोटी डाळ गिरणी त्यांनीच तयार केली. तूर आमची, पण निघाली की सगळ्यांची एकदमच मार्केटला जाते, भाव पडतो, आणि तीच तूर डाळ होऊन गावातल्या किराणा दुकानात येते तेव्हा भाव ऐकवत नाही. मधला पैसा बाहेरच जातो. मिनी मिलनं तो गावात राहतो. तूर चाळायची, रोलरमधून काढून सालीला ओरखडे पाडायचे, तेल लावून ठेवायची, उन्हात वाळवायची, मग पाणी लावून परत वाळवायची आणि पुन्हा रोलरवर घ्यायची, की साल निघून डाळ सुटी होते. चुनी म्हणजे डाळीचा चुरा, ती आणि टरफल ढोरांना. बचत गटाच्या बाया यात इतक्या तयार झाल्यात की दाणा दाताखाली धरून ओल किती आहे सांगतात, आणि हे स्किलच आहे, त्याचं सर्टिफिकेट नसलं तरी.

अडतं कुठं, तर रोलरवरचा एमरीचा, म्हणजे साल घासणाऱ्या खरखरीत पुडीचा, थर झिजला की डाळ तुटते, चुनी वाढते, नफा गेला. आमच्याकडच्या एका गटाची मिल ऐन सीझनमध्ये बंद पडली, थर चढवणारा माणूस जवळपास कोणीच नाही. त्यातल्या एक काकू म्हणाल्या, "मशीन देतेत रे बाप्पा, पन मिस्त्री कोनी देत नाही."

मला वाटतं आपल्या संशोधन धोरणात हेच राहून गेलंय. विदर्भात संस्था काही कमी नाहीत, नागपुरात पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी आहे, कापसाची आहे, संत्र्याची आहे, वर्ध्याला एमगिरी तर ग्रामीण उद्योगासाठीच आहे. तालुक्याला आयटीआय आहे, तिथं पोरं फिटर, वेल्डर शिकतात, मग पुण्याला चाकणला कामाला जातात कारण इथल्या मशीनवर त्यांचा हात कधी बसवलाच जात नाही. प्राध्यापकाच्या बढतीत पेपर मोजतात, मोजा, पण त्यानं तयार केलेलं मशीन पाच वर्षांनी किती गावांत चालू आहे हेही मोजा ना! २०२३ ला संशोधनाला पैसा देणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा झाला, पाच वर्षांत ५०,००० कोटींची गोष्ट आहे, त्यातला थोडा वाटा मशीन गावात गेल्यानंतरच्या कामाला ठेवला, म्हणजे दुरुस्ती, सुटे भाग, ट्रेनिंग, तर तालुक्यात दोन-चार वर्कशॉप आरामात उभी राहतील.

आणि ते ट्रेनिंग कॅम्पसवर नको, गावातल्या मिलवरच घ्या, आयटीआयच्या पोरांसोबत गटाच्या बायांनाही पाना हातात द्या. घ्यायचं तर दिवाळीच्या आसपास घ्या, कारण डिसेंबर लागला की तूर कापणीला येते आणि मग कोणालाच सवड नसते.