‘ते सगळं आधी ठरवलेलं असतं ना?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ग्राहकांच्या फसवणुकीवरचे टीव्ही कार्यक्रम मी एडिट करते हे कळलं, की हा प्रश्न येतोच. तो कॅमेऱ्यावर हात ठेवणारा, दार लावून घेणारा, गाडीत बसून पळणारा माणूस खरा असतो, की नट आणून उभा केलेला?

माणूस खरा. त्याच्या आजूबाजूचं बरंच काही मात्र उभं केलेलं असतं, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. तक्रारदार बाई टेबलाशी बसून बिलं चाळतात, ते त्यांना सांगून करून घेतलेलं. अँकर ऐकताना गंभीरपणे मान डोलावतो, ते शॉट बहुतेकदा मुलाखत संपल्यावर घेतलेले. कॅमेरा एकच असेल तर तो आधी पाहुण्यावर लागतो आणि मग फिरवून अँकरवर. तोवर पाहुणा कधीकधी निघूनही गेलेला असतो आणि अँकर रिकाम्या खुर्चीकडे बघून हळहळत असतो. एडिटिंगच्या खोलीत याच्यासारखी करमणूक नाही. हे शॉट लागतात, कारण बाइट, म्हणजे मुलाखतीतला बोलण्याचा तुकडा, मधूनच कापला की बोलणाऱ्याचा चेहरा पडद्यावर उडी मारतो आणि तो सांधा कशाने तरी झाकावा लागतो. पण त्याच झाकणाखाली एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवताही येतं. मान डोलावणं नंतर शूट केलं तर चालतं. प्रश्न आणि उत्तराची जोडी फोडली, की पुरावाच खोटा झाला.

मला वाटतं, सगळी मेख इथेच आहे. चित्र रचा, पुरावा रचू नका.

सापळ्याचं घर घ्या. भाड्याच्या घरात छुपे कॅमेरे बसवायचे, वॉशिंग मशीनमध्ये मुद्दाम एक बिघाड करायचा आणि दुरुस्तीवाल्यांना बोलवायचं. हे तर सगळंच रचलेलं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर, पण कसं रचलंय ते बघा. कार्यक्रमाशी संबंध नसलेला एक तज्ज्ञ आधी मशीन पूर्ण तपासतो, बाकी सगळं ठणठणीत असल्याची खात्री करतो आणि मगच एक वायर सैल करतो. सुट्या भागांवर अल्ट्राव्हायोलेट पेनाने खूण करतो. साध्या उजेडात ती दिसत नाही. दुरुस्तीवाला ‘मोटर बदलली’ म्हणून पैसे घेऊन गेला, की तज्ज्ञ परत येतो आणि मोटरवर अल्ट्राव्हायोलेट दिवा धरतो. खूण चमकली तर मोटर जुनीच. त्या चमकणाऱ्या ठिपक्यापुढे अँकरचं भाषण फिकं पडतं. दरवाजा उघडणारी ‘घरमालकीण’ मात्र आमची असते. तिला एकच ताकीद असते, की त्याला काही सुचवायचं नाही. ‘मोटर गेली असेल का हो?’ असं तिने विचारलं, की त्या दिवसाचं शूटिंग फुकट.

असे सापळे कोणासाठीही लावता येत नाहीत. ब्रिटनमधल्या ऑफकॉम या प्रसारण नियामकाच्या संहितेत छुप्या चित्रीकरणासाठी अटी आहेत. सार्वजनिक हिताची बातमी असल्याचा प्राथमिक पुरावा आधी हातात हवा, आणखी पुरावा मिळेल असं मानायला वाजवी कारण हवं आणि छुप्या कॅमेऱ्याशिवाय ती बातमी विश्वासार्ह होणार नाही, अशी परिस्थिती हवी. बघू काही सापडतंय का, म्हणून गळ टाकून बसायची सोय नाही.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. छुप्या कॅमेऱ्याच्या रशेस, म्हणजे न कापलेलं कच्चं फुटेज, कंटाळवाण्या असतात. माणूस मशीनसमोर उकिडवा बसतो, घाम पुसतो, फोन घेतो, स्क्रू हरवून शोधत बसतो. त्याच फुटेजचा रंग काढा, वेग निम्मा करा, खाली एक खर्जातला सूर सोडा. आता घाम पुसणारा हात चोराचा वाटायला लागतो. यात मी एकही फ्रेम खोटी घातलेली नाही. म्हणूनच आरोपाचा क्षण तरी मूळ वेगात आणि संगीताशिवाय ठेवावा, यासाठी मी दिग्दर्शकांशी भांडते. नेहमी जिंकते असं नाही. आणि चार दुरुस्तीवाल्यांपैकी एकाने वायर घट्ट करून किरकोळ पैसे घेतले असतील, तर तोही दिसलाच पाहिजे. तो कापला जातो तो वेळ कमी पडतो म्हणून. तो नाटकात बसत नाही, हे मोठ्याने कोणी म्हणत नाही.

पुरावाच रचला तर काय होतं, त्याचं उदाहरण अमेरिकेत आहे. नोव्हेंबर 1992 मध्ये एनबीसी वाहिनीच्या ‘डेटलाइन’ या कार्यक्रमाने जनरल मोटर्सच्या पिकअप ट्रकला बाजूने धडक दिल्यावर आग लागते, असं दाखवलं. आग लागलीच पाहिजे म्हणून ट्रकखाली ठिणगी पाडणारी उपकरणं बांधली होती, हे प्रेक्षकांना सांगितलंच नव्हतं. ते उघड झालं, कंपनी कोर्टात गेली आणि फेब्रुवारी 1993 मध्ये वाहिनीने त्याच कार्यक्रमात माफी मागितली. वृत्तविभागाच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं. त्या ट्रकच्या इंधनाच्या टाक्यांबद्दलच्या तक्रारी खऱ्या होत्या, कोर्टात दावेही चालू होते. पण त्या रात्रीपासून चर्चा टाक्यांची राहिली नाही, वाहिनीची झाली.

राहिला तो पळणारा माणूस. त्याला दारात गाठण्याआधी मुलाखतीसाठी पत्रं गेलेली असतात, मेल गेलेले असतात. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर आम्ही जातो. आधी विचारणं शक्यच नसेल किंवा विचारलं तर तपासच फसेल, तर थेट जायची मुभा असते. तो पळाला म्हणजे दोषी, असं समजू नका. अचानक दोन कॅमेरे आणि एक माइक अंगावर आला तर मीही पळेन. तो शॉट प्रोमोसाठी उत्तम असतो. पुरावा म्हणून त्याला मी काडीची किंमत देत नाही.

खरी झटापट होते ती कार्यक्रमाच्या शेवटी पडद्यावर येणाऱ्या दोन ओळींवर. कंपनीला एकेक आरोप लिहून पाठवलेला असतो आणि उत्तर द्यायला पुरेसा वेळ दिलेला असतो. उत्तर येतं पानंच्या पानं, बहुधा वकिलाने लिहिलेलं. त्यातलं काय ठेवायचं यावर आमचे वकील, निर्माते आणि मी रात्री उशिरापर्यंत शब्द मोजत बसतो. ‘फसवलं’ हा शब्द जातो, त्याच्या जागी ‘जास्त पैसे आकारले’ येतं. कंपनीचा मुख्य मुद्दा गाळला तर अन्याय, सगळं ठेवलं तर प्रेक्षक चॅनल बदलतो. आणि प्रसारणाच्या आदल्या दिवशी हमखास एक मेल येतो, की सद्भावना म्हणून तक्रारदार बाईंचे पैसे परत केले आहेत. मग एक नवी ओळ घालावी लागते, तिच्यासाठी दुसरीकडून चार सेकंद कापावे लागतात. ते चार सेकंद बहुतेकदा पळणाऱ्या माणसाचे निघतात.