शिधा

'शाळेने मला काय दिलं' यावर स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला. संस्कार, शिस्त, गुरुजनांचे आशीर्वाद हे बाकीची मंडळी लिहितीलच. मला शाळेने अक्षर दिलं आणि त्या अक्षरावर मी १९७२चा दुष्काळ काढला, तेवढंच सांगतो.

मी तेव्हा अकरावीत होतो. मॅट्रिक अकरावीची होती. गाव सिन्नर तालुक्याच्या पूर्वेकडचं, जिथे बऱ्या सालीही पाऊस हात आखडूनच पडतो. नाशिकला बोर्डिंगात राहायचो. पैसे फारसे पडत नसत, पण दर महिन्याला घरून बाजरी आणून जमा करावी लागे. कोठीच्या दारात तराजू, शेजारी वही. त्या वर्षी आमची बाजरी वीतभर वाढून करपली. दिवाळीच्या सुट्टीहून मी रिकाम्या हाताने परतलो. गृहप्रमुख माणूस वाईट नव्हता. "संक्रांतीपर्यंत बघू," म्हणाले. संक्रांतीनंतर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आई माळकरी. निघताना तिच्यापाशी विषय काढला तर म्हणाली, "पांडुरंगाच्या कानावर घातलंय मी. तू अभ्यासाचं बघ." मला राग आला. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आम्ही नुकतीच वाक्यात उपयोग करून आणली होती. पण आई खाटल्यावर होती कुठे? ती पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होती. दिवसभर हातोडा, दुपारी सरकारी सुकडी, रात्री देवळात भजन. राबायचं आपण, आणि आपला हात जिथे पोचत नाही तिथलं त्याने बघायचं, अशी तिची देवाशी सरळ वाटणी होती. तक्रार नाही, नवस नाही. असा भरवसा मी पुढे चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांतही फार कमी पाहिला.

मार्गशीर्षात एके दिवशी चित्रकलेचे सर वर्गात आले. टाक आणि दौत घेऊन ते आमच्याकडून कित्ता गिरवून घेत; वेलांटी आखूड पडली की अख्खं पान पुन्हा. म्हणाले, "पंचवटीत एका गुरुजींना वह्या उतरवून द्यायला मुलगा हवाय." आणि माझ्याकडे बोट केलं.

गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदावरीवरच्या, तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी असतात, हे नाशिककरांना सांगायला नको. कोण कुठल्या गावाहून आला, कोणाच्या अस्थी घेऊन, सोबत भाऊ कोण, मुलं किती. त्या गुरुजींच्या जुन्या वह्यांना कसर लागली होती. पान उलटलं की कडेचा चुरा मांडीवर पडे. मजकूर मोडी. मला मोडी येत नव्हती, म्हणून गुरुजी वाचत आणि मी बाळबोधीत उतरवून घेई. शाळा सुटल्यावर ओसरीवर दिवा लावून बसायचो. आत कधी बोलावलं नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, आता वाटतं. आमच्या घराण्याचं पान सापडतं का म्हणून फार शोधलं. नाही सापडलं. आमचे गुरुजी दुसरे कोणी असणार.

मेहनताना ठरवताना गुरुजी म्हणाले, "रोख माझ्याकडे बेताची. शिधा चालेल?" चालेल का म्हणजे काय! यजमानांनी दिलेले गहू, तांदूळ, डाळ यांचं गाठोडं सायकलला बांधून मी बोर्डिंगात आणू लागलो. वहीत पोरांच्या नावापुढे बाजरी किंवा नुसती रेघ, माझ्या नावापुढे गहू आणि तांदूळ. तांदूळ दहा घरचा, जाड-बारीक, जुना-नवा एकत्र. आचारी वैतागायचा, "निम्मा गाळ होतो, निम्मा टचटचीत राहतो, शिजवू कसा?" पण लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरीला कंटाळलेली पोरं त्या भातावर तुटून पडायची.

पौषात आईची दिंडी निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला निघाली, तेव्हा नाशिकच्या मुक्कामी मी तिला गाठलं. सगळं सांगितलं. तिला नवल असं वाटलंच नाही. एवढंच विचारलं, "नावं नीट लिहितोस ना? लोकांचे बापजादे आहेत ते."

सरांना बोर्डिंगातली माझी अडचण ठाऊक होती का? पुष्कळ वर्षांनी त्यांनाच विचारलं. त्यांना तो प्रसंगच आठवत नव्हता. आठवली ती माझी आखूड वेलांटी.

मॅट्रिक झालो, भूमी अभिलेख खात्यात चिकटलो, आणि तिथे कामापुरती का होईना, मोडी शिकलो. शाळेत सुलेखनाचा तास आता नाही असं ऐकतो. अमृतमहोत्सवी वर्षात तो पुन्हा सुरू करायचं संस्थेच्या मनात असेल, तर टाक, दौती आणि शाई यांचा खर्च माझ्याकडे. मुख्याध्यापकांनी फक्त कळवावं.