दारावरचं गोल तोरण: आधी बांधा, मग चिकटवा

कृत्रिम फुलांचं गोल तोरण दारावर लावलं की काही दिवसांत एकेक फूल उंबऱ्यात पडायला लागतं. बहुतेक वेळा कारण एकच असतं, सगळा भार ग्लू गनवर टाकलेला असतो. गरम गोंद कापडी पाकळीला चांगला धरतो, पण प्लास्टिकच्या गुळगुळीत पानाला आणि देठाला वरवरच चिकटतो. त्यात दार पश्चिमेचं असेल तर एप्रिल-मेच्या उन्हात तो मऊ पडतो आणि दार आपटलं की फूल निसटतं. म्हणून फूल तारेनं बांधायचं. गोंद लावायचा तो फक्त फूल जागच्या जागी फिरू नये म्हणून.

सामान आणण्याआधी दाराची दोन मापं घ्या. फ्लॅटला सेफ्टी डोअर असेल तर त्याच्यात आणि मुख्य दारात किती जागा आहे ते पट्टीनं मोजा. तीन इंच जागा असेल तर तोरणाची जाडी अडीच इंचांच्या आत हवी, नाहीतर पाकळ्या चेपतात आणि घुंगरू जाळीत अडकतात. दुसरं माप दरवाजातल्या भिंगाचं. 12 इंची रिंग दाट भरली तरी मधे सात-आठ इंच मोकळे राहतात. भिंग त्या मोकळ्या जागेत येईल अशा उंचीवर तोरण टांगा.

सांगाड्याला बांबूची किंवा लाकडाची भरतकामाची रिंग उत्तम. एका रिंगमध्ये दोन सांगाडे मिळतात. आतली कडी अखंड असते; बाहेरचीला स्क्रू असतो, तो वर ठेवला की टांगायची आयती सोय. पुठ्ठ्याची रिंग स्वस्त खरी, पण पावसाळ्यात ओल धरते आणि गणपतीपर्यंत लंबगोल होते. थर्माकोलची रिंग घेतलीत तर गरम गोंदानं ती वितळून खड्डे पडतात, आणि स्प्रे पेंट मारलात तर जागोजागी विरघळते.

रिंगला सुतळी गुंडाळा. तार घसरत नाही आणि फुलांमधून लाकूड दिसत नाही. 12 इंची रिंगचा घेर साधारण 96 सेंमी. तीन मिलिमीटर जाडीची सुतळी वेढ्याला वेढा लावून गुंडाळली तर 11-12 मीटर लागते. तेवढा वेळ नसेल तर जुन्या सुती साडीची इंचभर रुंद, अडीच मीटर लांब पट्टी तिरकी गुंडाळा. काठाची पट्टी असेल तर जिथे फुलं नाहीत तो भागही शोभून दिसतो.

आता फुलं. पाच सेंमी व्यासाचे झेंडू घेऊन रिंग तीन ओळींत पूर्ण भरायची तर मधे 19, बाहेर 22 आणि आत 14, म्हणजे 55 फुलं. आमच्या मते ते गच्च आणि जड दिसतं. खालचा अर्धा भाग भरून वरची रिंग उघडी ठेवली तर 27-28 फुलं आणि 15-20 आंब्याची पानं पुरतात. सुटी फुलं महाग पडतात, तयार माळा घ्या. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटचा परिसर. फक्त सणाच्या आठवड्यात जाऊ नका.

माळेतल्या झेंडूच्या पाकळ्यांचे थर दोऱ्यात नुसते ओवलेले असतात. दोरा कापला की फूल उलगडतं आणि कुठला थर खाली होता ते कळत नाही. म्हणून एका वेळी एकच फूल सुटं करा. 26 गेजच्या तारेचा 20 सेंमी तुकडा घ्या, मधोमध एक मणी ओवा आणि तार दुमडा. दोन्ही टोकं फुलाच्या मधल्या छिद्रातून वरून खाली काढा. मणी छिद्रापेक्षा मोठा हवा. तोच फुलाचा मध्य होतो आणि थरही धरून ठेवतो. टोकं रिंगच्या मागे नेऊन तीन पीळ द्या, जादा तार पकडीनं कापा आणि उरलेलं टोक सुतळीत दाबा. हे टोक बाहेर राहिलं तर दाराच्या पॉलिशवर ओरखडे पडणारच. देठाच्या फुलांत आत तार असते, ती कात्रीनं कापू नका, कात्रीची धार जाते. देठ पाच सेंमी ठेवून रिंगलगत आडवा बांधा. पुढचं फूल मागच्याचा देठ झाकतं.

क्रम असा: आधी सगळी पानं एकाच दिशेनं, मग मोठी फुलं, शेवटी छोटी. गोंद लावण्याआधी रिंग भिंतीवर टांगून सहा फुटांवरून बघा. जवळून न दिसलेली भोकं तिथून दिसतात, आणि तारेचं फूल सरकवता येतं, चिकटवलेलं नाही. मग प्रत्येक फुलाच्या बुडाशी गोंदाचे दोन थेंब. सात मिलिमीटर कांडीची छोटी गन पुरते. ती पाच मिनिटं तापू द्या, अर्धवट तापलेला गोंद धरत नाही. गोंदाचे तरंगते धागे हेअर ड्रायरच्या कोमट झोतानं जातात.

टांगायला इंचभर रुंद साटिनची रिबन दाराच्या वरच्या कडेवरून मागे घ्या आणि टाचण्या त्या कडेतच मारा. दर्शनी लॅमिनेटला भोक पडत नाही. गाठ मात्र कडेवर येऊ देऊ नका, दार बसणार नाही. मागच्या बाजूला जाड कापडाचे चार तुकडे लावले की खटखट थांबते.

पॉलिस्टरची फुलं पेट घेतात आणि वितळून ठिबकतात, त्यामुळे तोरणाखाली पणती नको. दिवे हवेतच तर बॅटरीची एलईडी माळ. धूळ मऊ ब्रशनं झाडा. धुवायचंच असेल तर गार पाण्यात, आणि आधी लाल फुलाची एक पाकळी ओल्या पांढऱ्या कापडावर घासून बघा. रंग उतरला तर ते तोरण पाण्यात घालू नका. ठेवताना पूर्ण कोरडं करून जुन्या उशीच्या अभ्र्यात सपाट ठेवा. वर काही रचू नका.