दीड किलो मेण

मे महिना, सकाळचे साडेनऊ, मी अजून अ‍ॅप्रन पण घातला नव्हता आणि अकोल्याच्या डीलरचा फोन. "मॅडम, तुमच्या टोनरचे ढेकळं झाले ना. बाटली हालवली तं आतून खडखड वाजते." मी मनात म्हटलं अकोला, मे महिना, त्यात पत्र्याचं गोडाऊन, ढेकळं नाही होणार तर काय होणार. तोंडावर तसं बोलले नाही पण अर्थ तोच, थंड जागेत ठेवा, उन्हात खोकी उतरवू नका वगैरे ऐकवलं. ते म्हणाले, "अहो ड्रमवर पण लेप बसून रायला, पुसला तरी निघत नाही." हेही मी गरमीच्याच खात्यात टाकलं आणि फोन ठेवला. आता लिहिताना लाज वाटते पण तेव्हा अगदी खात्री होती.

तेव्हा मी नगर रोडच्या एका एमआयडीसीत छोट्या टोनर कंपनीत क्यूसीला होते, नाव घेत नाही. झेरॉक्स मशीनचा काळा टोनर बनवायचो आणि बाटल्यांवर लेबल दुसऱ्यांची. अकोल्याचा फोन ठेवून तास झाला नसेल तर आमचे सर केबिनमधून बाहेर, म्हणे पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या दुकानातून तक्रार आलीये, कॉपी डबल येतेय, तू स्वतः जा. एमपीएससीच्या नोट्सचं दुकान, दिवसाला हजारो कॉपी, असं गिऱ्हाईक सोडायचं नसतं. माल घेऊन जाणाऱ्या टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसून गेले, वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये तास गेला.

दुकानात पोचले तर मशीनचं पोट उघडलेलं, समोर मेकॅनिक घामाघूम, आणि काउंटरवर पोरांची ही गर्दी. मालक मला बघून म्हणाले, "या ताई, तुमचाच टोनर बघा काय दिवे लावतोय." हातात कॉपी दिली. वर ठळक अक्षरात राज्यघटनेवरच्या धड्याचं शीर्षक, आणि तेच शीर्षक फिकट होऊन खाली परिच्छेदात पुन्हा उमटलेलं. एका पोराने तर विचारलं होतं म्हणे, काका हे दोनदा छापलंय म्हणजे परीक्षेला येणार का.

मेकॅनिकने ड्रम, म्हणजे ज्याच्यावर आधी टोनरचं चित्र उमटतं तो रोलर, बदलला होता, ड्रम पुसणारं ब्लेड बदललं होतं, चांगला खर्च झाला होता आणि डबल इमेज जशीच्या तशी. मी स्टीलची पट्टी काढली आणि शीर्षकापासून सावलीपर्यंत अंतर मोजलं, साडेबारा सेंटिमीटरच्या किंचित वर. या मशीनचा ड्रम ६० मिमी व्यासाचा, म्हणजे ड्रमचा दोष असता तर १८८ मिमीवर पुन्हा आला असता. फ्युजरचा, म्हणजे टोनर गरम करून कागदावर पक्का बसवणाऱ्या भागाचा, हीट रोलर ४० चा, त्याला ३.१४ ने गुणा, १२५.६. म्हणजे टोनर कागदावर बसायच्या ऐवजी थोडा रोलरला चिकटत होता आणि रोलर एक फेरा मारून आला की तो पुढे कागदावर उतरत होता. ड्रम बिचारा निर्दोष. मेकॅनिकला हे सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला कारण ड्रमचं बिल आधीच फाडलं होतं.

आता इथे मेण आलं. टोनर म्हणजे काही शाई नाही, ती बारीक पूड आहे, आमची साधारण ८-९ मायक्रॉनची. त्यात बहुतेक भाग रेझिन, म्हणजे प्लॅस्टिकच म्हणा, मग कार्बन ब्लॅक, चार्ज धरण्यासाठी एक केमिकल, आणि थोडं मेण. हीट रोलर दीड-पावणेदोनशे डिग्रीला असतो, त्याच्याखालून कागद जाताना रेझिन वितळून कागदाच्या धाग्यांत घुसतं. पण वितळलेलं प्लॅस्टिक कागदालाही चिकटतं आणि रोलरलाही चिकटू बघतं, रोलरला टेफ्लॉन असलं तरी. जुन्या मशीन्समध्ये यासाठी रोलरवर सिलिकॉन ऑइल फिरवायचे, तेलाची बाटली, तेलाचा रोलर असा सगळा संसार असायचा, आणि कॉपीवर तेलकट चकाकी येऊन पेन चालायचं नाही. मग मेण टोनरमध्येच घालायला लागले. म्हणजे घावन चिकटू नये म्हणून तव्याला तेल लावायच्या ऐवजी तेल पिठातच घालायचं तसं. गरम झालं की मेण रेझिनच्या आधी पातळ होतं, पृष्ठभागावर येतं आणि रोलर आणि टोनरच्या मध्ये एक पातळ थर धरतं, कागद सुटून जातो.

गंमत म्हणजे या धंद्यात मेण पहिल्या दिवसापासून आहे. २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या अस्टोरियात चेस्टर कार्लसनने पहिली कॉपी काढली तेव्हा गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पट्टीवरची लायकोपोडियमची पूड त्याने मेणकागदावर घेतली आणि कागद गरम केला, मेण मऊ होऊन पूड पक्की बसली. तिथे मेण चिकटायला होतं, आमच्याकडे न चिकटायला.

हे मी दुकानात जरा उत्साहाने सांगायला लागले तर मालक म्हणाले, "मेण? मेणबत्तीचं?" आणि खरं सांगायचं तर मला हसता आलं नाही. कारण आधी आम्ही कार्नोबा वापरायचो, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, कार पॉलिशमध्ये आणि गोळ्या-चॉकलेटच्या चकाकीला वापरतात तेच. कडक असतं, ८२ ते ८६ डिग्रीला वितळतं, आणि महाग. त्या वर्षी परचेसने भाव बघून पॅराफिन जातीचं मेण आणलं होतं, सत्तरच्या आसपास वितळणारं, त्याच्या आधीच मऊ पडणारं. म्हणजे मेणबत्तीचं चुलत भावंडच. ट्रायलमध्ये चांगलं चाललं होतं, सही माझीच होती.

मेकॅनिक म्हणाला फ्युजरचं टेम्परेचर कमी करून बघू. सर्व्हिस मोडला जाऊन दहा डिग्री उतरवलं, डबल इमेज गेली, सगळे खूश, मी कॉपीवर अंगठा घासला तर अक्षरं अंगठ्यावर. मग पाच डिग्री वाढवलं तर टोनर बसला पण वीसेक कॉपीनंतर सावली पुन्हा हजर, आणि एक कागद तर रोलरला गुंडाळून बसला, तो पकडीने ओढून काढला. नेहमी या टोनरला खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत तीस-चाळीस डिग्रीची ऐसपैस जागा असते, इथे पाच डिग्रीत पण नीट उभं राहता येत नव्हतं. म्हणजे मशीन ठीक, टोनरमध्येच मेण कमी. पण कमी कसं असेल, प्रत्येक लॉटला १०० किलोला ४ किलो, वजन करून जातं, शीटवर सही असते.

बाटली उलटी करून लॉट नंबर बघितला, शेवटी ११७. सरांना फोन लावला की या नंबरचे बाकीचे बॉक्स अडवा. सर म्हणाले थांब, अकोल्याचा परत फोन आला होता, फार चिडलेत, त्यांच्या लॉटचा नंबर लिहून घेतलाय. ११८.

मी फूटपाथवर उभी होते, बाजूने रिक्षा हॉर्न मारत होती आणि मला एकदम पोटात गोळा आला. ढेकळं कशाने होतात? पृष्ठभागावर मऊ मेण जास्त आलं की कण एकमेकांना धरतात. ड्रमवर लेप कशाचा बसतो? ब्लेड घासून घासून तेच मेण ड्रमवर सारवतं. म्हणजे ११७ मध्ये मेण कमी आणि ११८ मध्ये जास्त, आणि मी सकाळी त्या माणसाला गोडाऊन थंड ठेवा सांगून बसले होते.

दुकानदाराला जुन्या लॉटच्या दोन बाटल्या दिल्या, फ्युजर पुसून घेतला, पन्नास कॉपी मारून बघितल्या, स्वच्छ. टेम्पो केव्हाच गेला होता. परतीला एसटी पकडली.

कंपनीत पोचेपर्यंत साडेपाच. आधी डीएससी लावलं. पाच-सात मिलिग्रॅम टोनर छोट्या अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत बंद करून हळूहळू तापवायचा, मेण वितळताना उष्णता ओढून घेतं त्याचा ग्राफवर खड्डा पडतो आणि त्या खड्ड्याच्या क्षेत्रफळावरून मेण किती ते कळतं. एका सॅम्पलला पंधरा मिनिटं लागतात, थंड व्हायला वेगळा वेळ. हे आम्ही रोज करत नव्हतो, दर दहा लॉटला एकदा करायचो, रोज फक्त कणांचा साईज, चार्ज, फ्लो आणि एका ठरलेल्या टेम्परेचरला प्रिंट. ११६ बघितला, नेहमीसारखा. ११७ चा खड्डा जवळजवळ चाळीस टक्के कमी. ११८ चा तेवढाच जास्त. दोघांची बेरीज केली तर दोन लॉटचं मेण जवळपास बरोबर भरत होतं. म्हणजे मेण गायब झालंच नव्हतं, एका लॉटमधलं दुसऱ्यात गेलं होतं.

लॉगबुक काढलं. ११७ बनला त्या दिवशी दुपारी लाईट गेलेली, आल्यावर चिलर, म्हणजे पाणी गार करणारं मशीन, ट्रिप, एक लॉट मिक्सरला थंड पाण्याशिवाय चालवलेला. मिक्सरचे पंखे फार जोरात फिरतात, घर्षणानेच माल तापतो, म्हणून भांड्याच्या जॅकेटमधून गार पाणी फिरतं. बाहेर ४० डिग्री, पाणी बंद. मऊ मेण भिंतीला आणि झाकणाखाली चिकटून बसणारच.

मिक्सरवर जे मामा होते ते सेकंड शिफ्टला हजर होते. मी विचारलं, मामा, त्या दिवशी झाकणाला काही चिकटलं होतं का. ते सरळ म्हणाले, "हो ना मॅडम, चांगलं दीड किलो असंल. लोण्यासारखं बसलं होतं. खरवडलं आन पुढच्या लॉटात टाकलं." मी म्हटलं अहो का टाकलं? "मग काय फेकायचं? एवढा महागाचा माल." त्यांच्या बोलण्यात लपवाछपवी काहीच नव्हती, उलट शाबासकी मिळेल असं वाटत असावं. आणि त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं की ही चार किलोची गोष्ट शंभर किलोचं नशीब ठरवते. मिक्सरजवळच्या बोर्डावर हेल्मेट घाला, तंबाखू थुंकू नका, सगळं होतं, हे नव्हतं. वर ते खरवडलेलं मेण गठ्ठ्यांनी गेलेलं, एक्सट्रूडरमध्ये, म्हणजे माल वितळवून मळणाऱ्या मशीनमध्ये, काही ते नीट पसरलं नसणार. मेणाचा थेंब मायक्रॉनपेक्षा मोठा राहिला तर जेट मिलमध्ये, म्हणजे हवेच्या झोताने दळताना, माल नेमका त्या मेणावरून फुटतो, म्हणजे कणाच्या बाहेरच्या बाजूला मेणच मेण. वरून कण सुटे ठेवणारी सिलिकाची पूड कितीही मारा, अकोल्यात ढेकूळ होणारच.

सरांनी मामांना केबिनमध्ये बोलवायला सांगितलं. मी म्हटलं आधी माझी सही बघा. ११८ चा फ्लो लिमिटच्या अगदी काठावर होता, मी पास केला होता. बाटली ५० डिग्रीच्या ओव्हनमध्ये २४ तास ठेवायची टेस्ट असते, ती लावली होती पण डिस्पॅचची गाडी उभी होती म्हणून रिझल्टच्या आधीच सही मारली. दुसऱ्या दिवशी ती बाटली ओव्हनमधून कोणीतरी काढून ठेवली आणि मी बघायचं विसरले. ती अजून रॅकवर होती. काढली, उलटी केली, माल खाली पडला नाही. हलवली तर खडखड.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले दोन्ही लॉट परत मागवा. रात्री आठ वाजता मी अकोल्याला फोन केला आणि सकाळच्या बोलण्याची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, पण एक सांगू, माझ्या गोडाऊनला पत्रा नाही, स्लॅब आहे."

नंतर मिक्सरला पाण्याच्या टेम्परेचरचा इंटरलॉक बसला, चिलर बंद तर मिक्सर बंद. खरवडीसाठी वेगळी पिशवी आली, लाल टॅग लावून, आणि ती भरली की मामा मला दाखवायला आणायचे. डीएससी प्रत्येक लॉटला सुरू झालं, त्यामुळे डिस्पॅचवाले माझ्यावर कायम खार खाऊन. मेण मात्र पॅराफिनचंच राहिलं, परचेसपुढे कोणाचं चालतं.

अप्पा बळवंत चौकातल्या मालकांनी तो न बिघडलेला जुना ड्रम पिशवीत घालून आमच्याकडे पाठवला, सोबत नव्या ड्रमचं बिल. सर म्हणे टोनर बदलून दिला ना, मेकॅनिक म्हणे मी काय कारखान्यात बसलो होतो का, मालक म्हणे मला तिघांपैकी कोणीही द्या. मी कंपनी सोडली तेव्हा ते बिल माझ्या ड्रॉवरमध्येच होतं.