बोलोन्यातला कवडसा

सान पेत्रोनिओ चर्चमध्ये मी ठोक्याला बारा वाजता पोचलो आणि तिथेच फसलो. गाठायचे होते सूर्याचे बारा, घड्याळाचे नव्हे. इटलीत जूनमध्ये घड्याळं तासभर पुढे असतात, त्यामुळे बोलोन्यात माध्यान्ह होते सव्वा एकच्या सुमाराला. बाहेरच्या चौकात ऊन मी म्हणत होतं. आत गारवा होता. बसलो.

हे चर्च १३९० पासून बांधताहेत आणि दर्शनी भिंत अजून अर्धीच आहे. खाली संगमरवर, वर उघड्या विटा. मी मात्र आलो होतो डावीकडच्या फरशीसाठी. तिथे धातूची एक पट्टी दगडी खांबांना जेमतेम चुकवत तिरकी जाते. लांबी सुमारे ६७ मीटर, म्हणजे पृथ्वीच्या परिघाचा सहा लाखावा भाग. १६५५ साली खगोलशास्त्रज्ञ कासिनीने ती आखली आणि २७ मीटर उंचीवर छताला भोक पाडलं, आपल्या दहाच्या नाण्याएवढं.

देवळाला भोक कशाला? ईस्टरसाठी. भोकातून आलेला कवडसा माध्यान्हीला पट्टी कुठे ओलांडतो, त्यावरून वर्षातला दिवस कळतो. वसंतसंपात म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस. त्यानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार म्हणजे ईस्टर. संपाताचा दिवस चुकला की सणच चुकला. जुनं पंचांग इतकं घसरलं होतं की १५८२ मध्ये दहा दिवस गाळावे लागले. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ उजाडला. तो फतवा काढणारा पोप तेरावा ग्रेगरी याच बोलोन्याचा.

आणि गॅलिलिओ? पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हटल्याबद्दल त्याला शिक्षा झाली १६३३ मध्ये. जेमतेम बावीस वर्षांनी त्याच धर्मसत्तेच्या छपराखाली कासिनी सूर्याचा कवडसा मोजत बसला होता. हिवाळ्यात सूर्य जवळ असतो, बिंब मोठं दिसतं आणि त्याची चालही वाढते. पण चाल जितकी बदलते, त्याच्या निम्म्यानेच बिंबाचा आकार बदलतो, असं त्याला आढळलं. फरक नुसता अंतरामुळे दिसत असता, तर दोन्ही सारखेच बदलले असते. म्हणजे गतीतला फरक नुसता भास नव्हता. ही चाल खरोखरच कमी-जास्त होते, हे खगोलशास्त्रज्ञ केप्लरचं म्हणणं खरं ठरत होतं. फिरतं कोण, सूर्य की पृथ्वी, हे मात्र या मापातून ठरत नाही. कासिनीचं त्यात फावलंच असावं, असं आपलं मला वाटतं.

एक वाजून गेल्यावर फरशीवर लख्ख गोळा उमटला, वीतभराहून थोडा मोठा. कोल्हापूरचा किरणोत्सव आठवला. तिथे किरण देवीकडे जातात, इथे पट्टीकडे. गोळा सरकताना चक्क दिसतो. त्याची कड पट्टीला टेकल्यापासून पूर्ण पलीकडे जाईपर्यंत दोन मिनिटं आणि वर थोडे सेकंद.

तेवढ्यात एका लहान मुलाने नेमका त्यावर बूट ठेवला. सूर्य बुटावर चढला. मागून त्याची आजी दबक्या आवाजात ओरडली, ती पोराने बूट काढावा म्हणून की टोपी, ते इटालियनमुळे कळलं नाही.